जलाशयातील गाळ, कार्बनची साठवण आणि हवामान बदल : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कार्बन साठवणारे घटक म्हणून वने व महासागर यांचा नेहमी उल्लेख होतो. जलाशयांच्या तळाशी साचणारा गाळ मात्र दुर्लक्षित राहतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे आहेत. त्यांतील गाळ हवामान बदल रोखण्यास कितपत उपयुक्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साठवणीची प्रक्रिया :
पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवरील माती व पालापाचोळा वाहून येतो आणि जलाशयाच्या संथ पाण्यात तळाशी बसतो. तेथे प्राणवायू अल्प असल्याने सेंद्रिय पदार्थांचे विघटन मंदावते व त्यांतील कार्बन गाळाच्या थरांखाली गाडला जातो. जगातील तलाव व जलाशय दरवर्षी सुमारे १५ कोटी टन कार्बन अशा रीतीने गाडतात, असा २०१७ मधील एक अंदाज आहे.

मर्यादा :
तथापि या साठवणीस तीन मर्यादा आहेत. पहिली, प्राणवायूविना होणाऱ्या विघटनातून मिथेन निर्माण होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट असते. दुसरी, डिंभे जलाशयाची पातळी उन्हाळ्यात खालावते. उघड्या पडलेल्या जमिनीवर विस्थापित आदिवासी शेतकरी गाळपेर करतात. त्यांच्या उपजीविकेचा हा आधार असला, तरी हवा लागल्याने तेथील कार्बनचा काही अंश मुक्त होतो. तिसरी, गाळातील काही कार्बन मुळात शेताच्या मातीतील असतो. तो धरणाच्या खात्यावर जमा दिसला, तरी शेताच्या खात्यावर नावे पडलेला असतो. शिवाय गाळ वाढला की धरणाचा पाणीसाठा घटतो.

उतारावरील उपाय :
म्हणून कार्बन धरणात पोहोचण्यापूर्वीच मातीत राखणे अधिक हितावह होय. या भागातील महादेव कोळी समाजात पडकई ही सामूहिक श्रमातून उतारावर भातखाचरे घडविण्याची परंपरा आहे. खाचरांच्या बांधांमुळे माती अडते. पडकई व डिंभे जलाशयातील मासेमारी यांसाठी कार्य करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला आहे.

निष्कर्ष :
गाळातील कार्बनची केवळ बेरीज करून जलाशयास हवामानरक्षक ठरविणे योग्य नाही. मिथेनचे उत्सर्जन व शेतातील मातीची हानी वजा केल्यावरच खरा हिशेब हाती येईल. महाविद्यालयांच्या भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी गाळाचे व खाचरांतील मातीचे नमुने एकत्रितपणे तपासल्यास हा हिशेब स्थानिक पातळीवर मांडता येईल.