सदाफुलीला रोज पाणी घालू नका

"रोज पाणी घालते, तरी सदाफुली मान टाकते." लोणंदच्या अंगणाअंगणांत हे ऐकून कान किटले. अहो, रोज घालता म्हणूनच ती मान टाकते!

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळ्या मातीच्या कुंडीत रोज तांब्या ओतला की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, त्यांत बुरशी शिरते. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. त्यामुळे माती चिंब, पण पानं तहानलेली. वरून दिसते ती तहानच, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. झाड तिथेच संपतं. उपटून पाहा: मुळं पांढरट असायला हवीत, ती तपकिरी आणि मऊ निघतील.

कांद्याच्या रानात पाणी तुंबलं की सड लागते, पिकाला वाफसा हवा असतो, हे आपल्या गावात पोरंही सांगतील. मग तोच नियम दारातल्या कुंडीशी का विसरतो?

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून निघेपर्यंत द्या, मग थांबा. काळ्या मातीत निम्मा बारीक मुरूम मिसळा, कुंडी भर उन्हात ठेवा.

"हिला पाणीच लागत नाही" हेही खोटं. नवं रोप मूळ धरेपर्यंत जपावंच लागतं. युरियाने फुलं वाढत नाहीत, पाला वाढतो. सदाफुली एका वर्षाचीही नाही. थंड देशांत हिमाने मरते, इथे छाटली की पुन्हा फुटते. आणि ती मूळची आपली नाही, मादागास्करची आहे.

पानं चावून साखर उतरते, ही समजूत मात्र धोक्याची. कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी याच आशेने पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच १९५८ साली कर्करोगावरचं विनब्लास्टिन हाती आलं. ते डॉक्टर मोजून, शिरेतून देतात. घरात कुणी मधुमेहासाठी ही पानं खात असेल, तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.