नांदेड–लातूर बिनतारी लिंक: चॅनल कोणता?

नांदेड ते लातूर सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर. एवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईच मधोमध जवळपास २०० मीटर आडवी येते! अहमदपूरला टप्पा घेतला की प्रत्येक बाजूला ती ५० मीटरच्या आसपास उरते.

२००७ पासून ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बाहेरच्या लिंकसाठी विनापरवाना ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढीच जागा होती, म्हणजे २० मेगाहर्ट्झचे जेमतेम दोन चॅनल. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने इतर पट्ट्यांसोबत ५७२५ पासूनची सगळी जागा मोकळी केली. आता इथे सात बसतात. अहमदपूरच्या टॉवरवर दोन्ही दिशांना वेगळेच चॅनल द्या.

अँटेनासकट ताकद मात्र ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅटच्या आत हवी. २४ डीबीआयची डिश असेल तर रेडिओ १२ डीबीएमवर. डिश मोठी घ्याच, ऐकण्याच्या बाजूला तिचा पूर्ण फायदा मिळतो.