हार्ड डिस्क घेताना : वॉरंटी नेमकी कुणाची?

हार्ड डिस्क किंवा एसएसडी घेताना ग्राहक आधी क्षमता पाहतो, मग किंमत. वॉरंटीची आठवण होते ती डिस्क बंद पडल्यावर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची डिस्क दोन भावांनी मिळत असेल, तर त्या फरकामागे वॉरंटीचा फरक दडलेला असू शकतो.

'रिटेल' डिस्क किरकोळ ग्राहकासाठीच बांधलेली असते. ती खोक्यात येते आणि तिची वॉरंटी थेट डिस्क बनवणाऱ्या कंपनीची असते. डिस्क बिघडल्यास ग्राहक त्या कंपनीच्या सेवा केंद्राकडे स्वतः दाद मागू शकतो.

'ओईएम' या शब्दाचा मात्र बाजारात दोन अर्थांनी वापर होतो आणि घोळ तिथेच होतो. संगणक जुळवून देणाऱ्यांसाठी खोक्याविना, नुसत्या पाकिटात येणाऱ्या डिस्कला विक्रेते 'ओईएम' म्हणतात. अधिकृत वितरकाकडून आलेल्या अशा डिस्कला बहुधा उत्पादकाची वॉरंटी असते. दुसरा प्रकार डेल, एचपी यांसारख्या संगणक कंपन्यांना घाऊक पुरवलेल्या डिस्कचा. तिची जबाबदारी संगणक कंपनीवर असते आणि ती संगणकाच्या वॉरंटीबरोबरच संपते. अशी डिस्क सुटी विकली गेली, तर डिस्कची कंपनी ग्राहकाला संगणक कंपनीकडे पाठवते आणि संगणक कंपनी त्याला आपला ग्राहक मानत नाही. उरतो तो केवळ दुकानदाराचा शब्द.

वॉरंटीची मुदतही कायम नसते. सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि मॅक्सटर यांनी २००२ मध्ये बहुतेक डेस्कटॉप डिस्कची मुदत तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली. सीगेटने २००४ मध्ये ती पाच वर्षे केली. २०११ च्या अखेरीस मात्र सीगेट व वेस्टर्न डिजिटल यांनी अनेक डिस्कची मुदत पुन्हा घटवली. म्हणून कंपनीच्या नावावर विसंबून न राहता त्या विशिष्ट मॉडेलची मुदत पाहावी. एसएसडीला तर लेखनाचीही मर्यादा असते. सॅमसंगच्या ८७० इव्हो या १ टेराबाइट एसएसडीची वॉरंटी पाच वर्षे किंवा ६०० टेराबाइट लेखन, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते.

पैसे देण्यापूर्वी डिस्कवरील अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासावा. वॉरंटी आहे की नाही, कधीपर्यंत आहे आणि ती भारतात लागू आहे का, हे बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कळते. परदेशातून आणलेल्या डिस्कबाबत ही तपासणी विशेष आवश्यक आहे. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. 'दुकानाची वॉरंटी' असेल, तर तिची मुदतही बिलावर लिहून घ्यावी.

तपासणीत उत्पादकाची वॉरंटी दिसली, तर स्वस्त ओईएम डिस्क घेण्यात गैर काही नाही. ती न दिसल्यास थोडे अधिक पैसे मोजून रिटेल डिस्क घेणेच शहाणपणाचे.

मात्र कोणतीही साधी वॉरंटी डिस्कवरील माहितीची हमी देत नाही. बदलून मिळते ती दुसरी डिस्क, तीही अनेकदा दुरुस्त केलेली; जुनी डिस्क कंपनीकडेच राहते. हिशेब, छायाचित्रे आणि महत्त्वाची कागदपत्रे यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे, याला पर्याय नाही.