उपचार संपले, त्रास नाही

भिलाईत पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गुडाखू अपरिचित नाही. तंबाखू आणि गुळाची ही पेस्ट छत्तीसगडमध्ये अनेक जण दातांना चोळतात. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. उपचारांनंतरच्या हालांबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये या रोगाची शस्त्रक्रिया झाली. तोंड उघडताना, गिळताना, बोलताना होणारा त्रास त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितला.

किरणोपचारांमुळे लाळ आटते, चव जाते, जबडा आखडतो. उपचार संपल्यावरही हे त्रास कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. म्हणून ताट तसेच परत आले, तर ‘नखरे करू नका’ असे म्हणू नका. तिखट, आंबट टाळून मऊ भात, पातळ वरण, खीर थोडीथोडी द्या. पाणी घोटघोट पाजा. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला लावा. डॉक्टरांनी सांगितलेला जबड्याचा व्यायाम चुकवू देऊ नका.

दात काढायचा असल्यास किरणोपचार झाल्याचे दंतवैद्यांना आधीच सांगा. नाही तर जखम भरत नाही, जबड्याचे हाडही खराब होऊ शकते. नवी गाठ किंवा न भरणारा व्रण दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, घरातला गुडाखूचा डबा आजच फेकून द्या.