बोलणारा कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी



आपल्या एका ग्रामसंघाच्या लिपिका ताईंना दिसत नाही. तरी कर्जाची यादी, हप्ते, व्याज, महिन्याचा अहवाल हे सगळं त्या कॉम्प्युटरवर स्वतः करतात. गटातल्या बाया रजिस्टर वाचून दाखवतात, ताई टाइप करतात. त्यांच्या मशीनमध्ये स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावर जे लिहिलंय ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. मशीन जुनं, विंडोज ७ वालं. पावसाळ्यात एक दिवस ते चालूच होईना. दुकानात नेलं तर उत्तर मिळालं, "हे भंगार झालं, नवीन घ्या." नवीन मशीनवर त्यांचं जुनं सॉफ्टवेअर चालणार नव्हतं. बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, "मग काही दिवस हिशोब दुसरीकडं देऊ." ताई काहीच बोलल्या नाहीत.

प्रश्न नुसत्या मशीनचा नव्हता, ताईंच्या कामाचा होता. म्हणून दुसऱ्या कारागिराला दाखवलं. बिघाड फक्त एसएमपीएसमध्ये निघाला, म्हणजे घरातली वीज घेऊन मशीनला पुरवणाऱ्या डब्यात. एका बंद पडलेल्या जुन्या मशीनचा चांगला डबा काढून बसवला आणि कॉम्प्युटर पुन्हा बोलायला लागला. त्यातून जे शिकलो ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

आधी बिघाड ओळखा

मशीन बंद पडलं म्हणजे सगळंच गेलं असं नसतं. काही खुणा अशा:

- बटण दाबलं तर ना पंखा फिरतो ना दिवा लागतो: आधी बोर्ड आणि वायर बघा, मग एसएमपीएस.
- पंखा फिरतो पण नुसतं 'बीप बीप' होतं: बरेचदा रॅम ढिली झालेली किंवा धुळीनं माखलेली असते. काढून, तिच्या पिवळ्या पट्ट्या कोऱ्या खोडरबरानं पुसून परत नीट बसवली की पुष्कळदा चालू होतं.
- रोज तारीख-वेळ चुकते: आतला नाण्याएवढा सेल संपला. त्याचा नंबर बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.
- आतून टकटक आवाज येतो, फाइल उघडायला फार वेळ लागतो: हार्ड डिस्क जायला आली. त्याच दिवशी सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

डबा उघडण्याआधी वायर बोर्डातून काढा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. तो अख्खा बदलायचा.

जुना भाग कुठं शोधायचा

जालना लोखंडासाठी ओळखलं जातं. भंगार वितळवून इथं सळई होते. कॉम्प्युटरही किलोवर तिकडंच जातो, म्हणून त्याआधी गाठायला हवा. शाळा, सेवा केंद्र, पतसंस्था इथं मशीन बदलली की जुनी कोपऱ्यात पडून असतात. रीतसर अर्ज देऊन मागा. जालना, छत्रपती संभाजीनगरच्या दुरुस्तीवाल्यांकडं मागच्या फळीवर जुने भाग असतात. मुंबईला कुणी जात असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा अशा सामानाचा मोठा बाजार आहे.

जाताना जुन्या मशीनचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि आतले फोटो काढून न्या. "जुनी रॅम द्या" म्हणून चालत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या जागी बसतच नाही. मदरबोर्ड म्हणजे मुख्य पाटी बदलायची वेळ आली तर त्याच मॉडेलची शोधा. पाटी बदलली की विंडोज आणि स्क्रीन रीडर दोन्ही परवाना परत मागू शकतात. परवान्याचा कागद, सीडी, सोबत आलेली छोटी चावी म्हणजे डोंगल कधीच टाकू नका.

हार्ड डिस्क मात्र जुनी घेऊ नका, नवीच घ्या. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर करून मिळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घेताना आवाज तपासा. आपल्याला जसा पडदा, तसा ताईंना आवाज. पडदा फुटका असला तरी त्यांचं चालेल, पण आवाजाचा जॅक आणि कीबोर्ड ठणठणीत हवा. जिला वापरायचंय तिलाच सोबत न्या.

जुन्यावर किती दिवस काढायचे?

खरं सांगायचं तर कायम नाही. विंडोज ७ ची सुरक्षा कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला बंद केली. म्हणून अशा मशीनवर बँकेचं काम, ओटीपी, ईमेल करू नका. इंटरनेट न जोडता फक्त हिशोबाला वापरा आणि दर बैठकीनंतर नक्कल घ्या.

सोबतच नव्याची तयारी करा. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. ते स्वतः अंध आहेत. त्यात मराठी वाचणारा आवाजही आहे. विकतच्या नावाजलेल्या जॉजसारखंच यातही इन्सर्ट आणि टी दाबलं की खिडकीचं नाव वाचलं जातं. म्हणजे हाताची सवय पूर्ण वाया जात नाही. एक अडचण येते: जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल ते भलतंच काहीतरी वाचतं. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

विंडोज १० ची मोफत सुरक्षाही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून चांगली चालणारी मशीन ऑफिसं बाहेर काढतायत. विंडोज ११ त्यांवर बसत नसलं तरी एनव्हीडीए त्यावर छान चालतं. ताईंना सरावासाठी आणि अडीअडचणीला असं एक मशीन मागून ठेवता येईल. दोन-तीन महिने दोन्ही शेजारी शेजारी चालवा, मग जुन्याला विश्रांती द्या.

पैसा कुठून?

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसंघात ठराव घ्या, ताईंच्या दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक लावा आणि अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

पुढच्या महिन्याच्या केदारखेड्याच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं दोन गोष्टी लिहून आणा: आपल्या गावात न दिसणारी, कमी दिसणारी पण शिकलेली बाई किंवा मुलगी कोण आहे, आणि कुठल्या शाळेत, ऑफिसात जुना कॉम्प्युटर पडून आहे. या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर आपल्याला आणखी एखादी लिपिका मिळू शकते.

आपली,
क्षेत्र समन्वयक