निरोप्या हरवतो तेव्हा

दिवाळीच्या तोंडावर आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड गुड्यांमध्ये दंडारीचे ढोल वाजू लागतात. मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. याच नाचासाठी मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाचणाऱ्याच्या पोटऱ्यांना एरवीपेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं. ते पोचवायला रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. तसा निरोप त्यांना देतं ते त्यांच्या आतलं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर.

हे अस्तर म्हणजे नुसता गिलावा, अशीच बराच काळ समजूत होती. ब्रुकलिनमधल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत. ॲसिटिलकोलिन हे रसायन टाकलं की पट्ट्या आखडत. १९७८ मध्ये एका प्रयोगात उलटंच घडलं, धमनी सैलावली. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला, की पट्ट्या तयार करताना आजवर आतलं अस्तर घासून निघत होतं. या वेळी ते शाबूत राहिलं होतं. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे अस्तराचा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचं ठरलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळालं.

शुगर वाढली की घाला इथेच पडतो. स्नायूंच्या पेशी साखर आत घ्यायला बरंचसं इन्सुलिनवर अवलंबून असतात. अस्तराच्या पेशींना असा दरवानच नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. ती जाळताना सुपरऑक्साइड नावाचा उपद्रवी रेणू जास्त तयार होतो. तो नायट्रिक ऑक्साइडला गाठून निकामी करतो, त्यामुळे निरोप वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपर्यंत पोचतच नाही. मधुमेहातल्या निरनिराळ्या बिघाडांचं मूळ या एका रेणूत असल्याची मांडणी मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी केली. वाहिनी ताठरते, झिरपू लागते, तिच्या भिंतीला पेशी चिकटतात. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडाची गाळणी आणि पायाचे मज्जातंतू यांना याची झळ फार लागते. कापसाच्या शेतात बधिर पायात काटा रुतला तरी कळत नाही, आणि रक्त नीट पोचत नसल्यामुळे जखमही भरत नाही.

अंगाने किडकिडीत माणसाने आपण यातून सुटलो असं मानू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता आणि बाळांचा अभ्यास केला. भारतीय बाळ वजनाने कमी असलं तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे अंग बारीक दिसलं तरी मधुमेहाचा धोका टळत नाही.

आदिलाबादमध्ये या दुखण्याला आणखी एक पदर आहे, आणि तो सर्वांत कळीचा. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटतात, त्यांतलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळं सुटतं आणि नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं. त्याच पेशींतून आर्जिनेज नावाचं विकर बाहेर पडतं. नायट्रिक ऑक्साइड ज्यापासून बनतो ते आर्जिनिन हे विकर संपवतं. दोन्ही दुखणी एकाच माणसात असली तर एकाच अस्तरावर दोन्हीकडून मार बसतो.

त्यात मोजमापही फसतं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी चाचणी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते हे गृहीत धरते. सिकलसेलच्या रुग्णात ती अनेकदा १० ते २० दिवसांतच मरते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो आणि माणूस निर्धास्त घरी जातो. सिकलसेलच्या नुसत्या वाहकांमध्येही काही यंत्रांची पद्धत चुकू शकते. रक्तातली साखर उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० (मिलिग्रॅम दर डेसिलिटरला) हे मधुमेहाचे निकष मात्र तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी झालेल्यांना कार्ड दिलं जातं. ज्यांच्या घरात ते आहे, त्यांनी शुगर तपासायला जाताना ते सोबत न्यावं आणि रक्त काढण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.