मायएसक्यूएल इन्स्टॉल होत नाही? ‘डेटा’ फोल्डर डिलीट करण्याआधी हे तपासा

विंडोजवर मायएसक्यूएल टाकताना गाडी साधारण दोन ठिकाणी अडते. एक तर शेवटी ‘स्टार्टिंग द सर्व्हर’समोर लाल फुली येते, नाहीतर नवा पासवर्ड ठरवायच्या जागी इन्स्टॉलर ‘करंट रूट पासवर्ड’ मागतो. मग अनइन्स्टॉल, रिस्टार्ट, पुन्हा इन्स्टॉल. आणि पुन्हा तेच.

भंडारा जिल्ह्यातल्या करडीला माझा आतेभाऊ बीसीए करतोय. त्याने हे तीनदा केलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काहीशे एमबीची फाइल परत परत उतरवली आणि दिवसाचा डेटा संपवला. शेवटी एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून सगळे फोल्डर उडवायला निघाला, तेव्हा मला फोन केला. बरं झालं केला. मागच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टचे टेबल्स त्याच फोल्डरमध्ये होते.

लाल फुलीचा अर्थ काय?

फाइल्स कॉपी झाल्या आहेत, पण मागे सतत चालणारी सर्व्हिस सुरू होत नाही. म्हणजे डाउनलोड बहुधा ठीकच आहे. पुन्हा उतरवून फरक पडत नाही.

आधी लॉग वाचा

फुली दिसते त्याच खिडकीत ‘लॉग’ नावाचा टॅब असतो. तिथे कळलं नाही तर सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरमध्ये जा. तो लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा. आत मायएसक्यूएल, मग सर्व्हरच्या आवृत्तीचा फोल्डर, मग ‘डेटा’. तिथे तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाची, ‘ईआरआर’ एक्स्टेन्शनची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळ्यात खाली जा आणि ‘एरर’ लिहिलेल्या ओळी वाचा.

नेहमीची तीन कारणं

१. पोर्ट आधीच वापरात आहे. मायएसक्यूएलचं ठरलेलं पोर्ट ३३०६. तुमच्याकडे झॅम्प असेल तर त्याच्या पॅनलवर ‘मायएसक्यूएल’ लिहिलेलं दिसतं, पण आत असतो मारियाडीबी, म्हणजे २००९ मध्ये मायएसक्यूएलपासूनच वेगळा झालेला डेटाबेस. तोही ३३०६ च घेतो. विंडोजच्या ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये ‘नेटवर्क’खाली ‘लिसनिंग पोर्ट्स’ बघा. पोर्ट कोणी धरलंय ते कळेल. तो प्रोग्राम बंद करा किंवा नव्यासाठी ३३०७ निवडा. ३३०७ निवडलंत तर आपल्या प्रोग्रामच्या कनेक्शनमध्येही तोच आकडा लिहायचा.

२. व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नाही. ‘व्हीसीरनटाइम’ नावाची फाइल सापडत नाही असा मेसेज आला, तर हेच कारण. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ६४-बिट आवृत्ती टाका. ती फाइल एखाद्या अनोळखी साइटवरून सुटी उतरवू नका.

३. जुना ‘डेटा’ फोल्डर मागे राहिलाय. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी तुमचे डेटाबेस अनेकदा तसेच ठेवले जातात. नव्या इन्स्टॉलरला तो फोल्डर दिसतो, म्हणून तो जुनाच पासवर्ड मागतो.

आतेभावाचं कारण तिसरं होतं. जुना पासवर्ड आठवत नव्हता, पण प्रोजेक्टच्या कनेक्शनच्या फाइलमध्ये तो त्यानेच लिहून ठेवलेला होता. तो टाकला आणि इन्स्टॉलर पुढे सरकला. टेबल्सही जागेवर मिळाले.

पासवर्ड कुठेच सापडला नाही तर? सर्व्हिस बंद करा आणि ‘डेटा’ फोल्डरचं नाव बदलून ‘डेटा-जुना’ करा. डिलीट करू नका. इन्स्टॉलर नवा फोल्डर तयार करेल आणि जुने टेबल्स परत मिळवायची वाट उघडी राहील. एकदा फोल्डर उडवला की बॅकअपशिवाय काही हाती लागत नाही.

तरीही अडलं आणि कोणाला विचारायचं असेल, तर लाल फुलीचा फोटो पाठवू नका. लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी कॉपी करून पाठवा. समोरच्याला उत्तर द्यायला त्याच लागतात.